राखणदाराला विचारू नये ते

माझ्या भावाने देवाला विचारलं, तू आहेस की नाहीस, आणि देव नाही म्हणाला. हे मी तिथे उभी राहून बघितलंय. ठाण्यात बाळकुमला, भावाच्या बिल्डिंगखाली, मीटर रूम आणि स्कूटरच्या पार्किंगच्या मधे, रविवारी सकाळी. विचारायला लावणारी मीच होते. माझा देवावर तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही, तरी ते आठवलं की हातातलं काम तसंच राहतं.

आधी भाऊ कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल असेल कोणी बुवा. बुवा कसला डोंबलाचा. गुणाजी कोलशेतच्या एका रंगाच्या कंपनीत फिटर होता. कंपनी बंद पडेपर्यंत तिथेच होता, नंतर सोसायट्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करत फिरायचा. आम्ही मूळचे कणकवलीकडचे. बाबा बाळकुमच्या चाळीत राहायला आले तेव्हा वाडीतली आणखी काही घरं त्यांच्याबरोबर आली आणि त्यांनी गावच्या राखणदाराच्या जागेतला एक दगड पोत्यात घालून आणला. राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा देव. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, नुसता उभा काळा दगड. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा बिल्डरच्या नकाशात त्याला जागाच नव्हती. आमच्या लोकांनी भांडभांड भांडून मीटर रूमच्या बाजूचा कोपरा मिळवला आणि वर पत्रा घातला.

या देवाला आमच्याकडे कौल लावतात. दगडावर पाणी शिंपडायचं, त्याच्या उजव्या अंगाला फुलाची एक पाकळी चिकटवायची, डाव्या अंगाला एक. मग गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला आपला प्रश्न नीट सांगायचा, आणि बघत उभं राहायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला आणि कौल पडल्यावर जमलेल्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गावात हा मान गुरवाचा. बाळकुमला गुरव कुठून आणणार? गुणाजीला गाऱ्हाणं पाठ होतं आणि आवाज खणखणीत होता, म्हणून लग्नाच्याही आधीपासून हे काम त्याच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

मी त्याच्या पाठची. लग्न होऊन डोंबिवलीला गेले आणि निवृत्त होईपर्यंत कल्याणला वीजबिलाच्या तक्रारींच्या खिडकीवर बसले. म्हणजे गाऱ्हाणी ऐकायचं काम मीसुद्धा केलं. त्याच्याकडे आलेला माणूस पाया पडून जायचा, माझ्याकडे आलेला शिव्या घालून.

दादाचे कौलाचे नियम होते. हात जोडून समोर उभं राहिलेल्याला परत पाठवायचं नाही, हा पहिला. दुसरा नियम त्याने स्वतःच काढलेला. जी गोष्ट अशीही होऊ शकते आणि तशीही, तीच विचारायची. एकदा शेजारच्या बाईने मुलाला आणला, परीक्षेत पास होईल का विचारा म्हणाली. दादाने मुलाला विचारलं, पेपर झाले का? झाले. "मग आता काय विचारायचं त्याला? तू लिहिलंस ते लिहिलंस. आता ते दुसरं काही होणार आहे का?" त्या मुलाला आधी कोणी असं बोललं नसावं, तो कानकोंडा होऊन आईकडे बघत राहिला. शिवरामकाका, तळमजल्यावरचे, बाबांच्या बरोबरचे म्हातारे, एकदा हात जोडून म्हणाले, विचार बाबा, मी मरणार का? दादा म्हणाला, "काका, ते व्हायचंच आहे. जे व्हायचंच आहे त्याला उजवं-डावं नसतं. कधी ते विचारायचं तर विचारतो." काका म्हणाले, नको, राहू दे.

मी त्याला छळायचे. म्हणायचे, दादा, ज्या पाकळीला पाणी जास्त लागलं ती टिकते, कमी लागलं ती पडते, यात देव कुठे आला? तो म्हणायचा, पाणी कुठे जास्त लागायचं ते कशाने ठरतं? मी म्हणायचे, तुझ्या अंगठ्याने. "आणि अंगठ्याचं कोण ठरवतं? त्या दिवशी तो सुजलेला असायचा की नाही, ते? पंप उघडताना माझा हात घसरला म्हणून सुजला. हात का घसरला? तेल होतं म्हणून. प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशामुळे तरी होते, सरू, आणि ती झाली नसती असंही होऊ शकलं असतं. असं मागे मागे जात कुठे थांबशील? कुठेतरी असा एक पाहिजे ना, जो कशामुळेच नाही, नुसता आहे. जो नसता असं होऊच शकलं नसतं." मी म्हणायचे, मी चहाला थांबते, तू जा पुढे. तो हसायचा. वहिनी असेपर्यंत हे भांडण चहाबरोबर दर खेपेला व्हायचं आणि ती आम्हा दोघांना येडे म्हणायची.

वहिनी गेली आणि दादा आणि योगिनी, त्याची मुलगी, दोघंच उरले. योगिनी नौपाड्यात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. गेल्या वर्षी तिचाच फोन आला, आत्या, बाबांना जिना चढताना छातीत दुखतंय, तपासण्या केल्या, तीन ठिकाणी अडथळे आहेत, बायपास लगेच करा म्हणाले. मी म्हटलं, मग करा की. ती रडायला लागली. म्हणाली, बाबा नाही म्हणतात. राखणदाराला विचारलं म्हणतात, तीनदा कौल लावला, तीनदा डावा आला.

माझं डोकंच फिरलं. शनिवारी बॅग भरली आणि बाळकुमला धडकले. दादा खिडकीशी खुर्चीत बसलेला, चेहरा पांढराफटक, आणि मला बघून म्हणतो काय, "आलीस? चहा टाक." मी चहा टाकला नाही. उभ्या उभ्या त्याला झाडला. त्याला म्हटलं, डॉक्टर म्हणतोय कधीही काहीही होईल, आणि तू पाकळ्यांवर बसलायस. तुझी पोरगी रोज कामावरून येताना जिन्यात थांबते, वर आल्यावर काय बघावं लागेल म्हणून. ती मला फोनवर सांगते हे, तुला सांगत नाही. त्याने मान खाली घातली. म्हणाला, "त्याने नाही सांगितलं ना. मी काय करू?"

"परत विचार."

"तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायचं नसतं."

शनिवार असाच गेला. मी ओरडले, समजावलं, योगिनीने हातापाया पडून बघितलं. तो ढिम्म. मी इतकी वर्षं खिडकीवर बसलेली बाई, हट्टी गिऱ्हाईक मला नवीन नाही. अशा माणसाशी त्याच्या बिलावर भांडायचं नसतं, त्याचा मीटरच तपासायला लावायचा. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला ते सुचलं आणि मला वाटलं आता याला पकडला.

सकाळी त्याच्यासमोर चहा ठेवला आणि म्हटलं, ठीक आहे, तुझ्या ऑपरेशनचं नाही विचारत. मला माझा प्रश्न विचारायचाय. त्याला विचार, तू आहेस की नाहीस.

दादाचा कप तसाच राहिला. म्हणाला, "हे विचारता येत नाही."

"का? ज्याची दोन्ही उत्तरं होऊ शकतात तेच विचारायचं, तुझाच नियम."

"म्हणूनच. त्याच्या असण्याला दुसरी बाजू नाही. आपण नसतो असं होऊ शकतं. तो नसेल असं होऊच शकत नाही."

"मग डावी पडायचीच नाही. घाबरतोस कशाला?"

तो घाबरला होता. खोटं नाही सांगत, त्याच्या कपाळावर घाम आला होता. मला तेव्हा वाटलं, पकडला गेलाय म्हणून घाबरलाय. मी माझा हिशोब मनात घोळवत होते. उजवी पडली तर काही बिघडत नव्हतं, होतो तिथेच राहिलो असतो, मी आणखी दोन दिवस भांडले असते. पण डावी पडली तर देवाचं उत्तर खरं धरा नाहीतर खोटं धरा. खरं असेल तर देव नाही, मग त्याने ऑपरेशनला नाही म्हटलं त्याला काय अर्थ? खोटं असेल तर देव खोटं बोलतो, मग ऑपरेशनचंही खोटंच बोलला असेल. दोन्हीकडून दादा हॉस्पिटलात जाणार. इतकं बिनतोड मला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं आणि मी मनातल्या मनात खूश होते.

तो खाली यायला तयार होईना, म्हणून मी पुढे गेले. राखणदारासमोर नारळ ठेवला आणि हात जोडून उभी राहिले. आता पहिला नियम त्याला आडवा आला, हात जोडलेल्याला परत पाठवायचं नाही. रविवार असल्यामुळे आमच्या वाडीतली माणसं खालीच होती. सरोज हात जोडून उभी आहे हे बघून शिवरामकाका काठी टेकत आले, मागून दोन-तीन बायका, कोणी स्कूटर पुसत होता तोही आला. योगिनी दादाला धरून खाली घेऊन आली. तो दगडासमोर बसला आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. "सरू, अजून दुसरं काहीतरी विचार." मी म्हटलं, मला हेच विचारायचंय.

त्याने पाणी शिंपडलं. झेंडूच्या दोन पाकळ्या लावल्या. बोटं थरथरत होती. मग गाऱ्हाणं सुरू केलं, आणि त्याचा तो खणखणीत आवाज त्या दिवशी मागे उभ्या बायकांपर्यंतही पोचत नव्हता.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"ही माझी भैण तुझ्या पायाकडे इली हा..."

"व्हय म्हाराजा."

"ती तुका विचारता, तू आसस काय नाय. आसलस तर उजवो कौल दी, नसलस तर डावो दी रे म्हाराजा."

यावर कोणी पटकन 'व्हय' म्हणेना. एक बाई खुदकन हसली, दुसरीने तिला कोपर मारलं. नसलास तर दे म्हणजे काय, नसेल तर देणार कोण, हे त्या बाईच्या डोक्यात आलं असेल. माझ्याही आलं. मग शिवरामकाका म्हणाले तशी सगळ्यांनी री ओढली.

आम्ही बघत होतो. दोन्ही पाकळ्या घट्ट बसल्या होत्या. दादाचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. मला वाटलं, पडतच नाहीत बहुतेक, आता परत पाणी शिंपडावं लागेल.

डावी पाकळी पडली.

आणि सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

सवय हो. जन्मभराची सवय, कौल पडला की तोंडातून निघतंच. देव म्हणाला मी नाही, आणि त्याच्यासमोर उभे राहून आम्ही सगळे म्हणालो, होय महाराज. मीसुद्धा म्हणाले. मग आपण काय बोललो ते एकेकाच्या लक्षात यायला लागलं. शिवरामकाकांनी तोंडावर हात ठेवला तो काढलाच नाही. हसलेली बाई रडायला लागली. स्कूटर पुसणारा फडकं हातात धरून उभा होता, त्याला कळेना जावं की थांबावं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मला जे हवं होतं तेच झालं होतं. मी, सरोज, जिने आयुष्यात कधी उपास केला नाही, मला त्या दगडाकडे बघायची हिंमत होईना.

दादा पार्किंगच्या कट्ट्यावर जाऊन बसला. योगिनी धावली, बाबा दुखतंय का, गोळी देऊ का? त्याने मान हलवली. मग म्हणाला, "डॉक्टरला फोन कर. ऑपरेशन करू या."

वर गेल्यावर मी माझा तो बिनतोड हिशोब त्याला सांगायला लागले. खरं असेल तर असं, खोटं असेल तर तसं. तो भिंतीकडे बघत होता. म्हणाला, "हो ना, झालं ना तुझं. करतोय ना मी." मला राग आला. इतकं डोकं लावून जिंकलेली बाजू समोरच्याने ऐकूनच घेतली नाही की येतो तसा राग. पण तो तयार झाला होता, मी चहा टाकायला गेले.

ठाण्यातल्याच एका हॉस्पिटलात तारीख मिळाली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याला हिरवा गाऊन घालून तयार ठेवलेला, योगिनी कसल्याशा सह्या करायला गेलेली. दादा छताकडे बघत म्हणाला, "सरू, एक सांगायचंय. मी कौल लावलाच नव्हता."

मला कळेना. मी म्हटलं, कुठला?

"ऑपरेशनचा. तीनदा लावला म्हणालो ना, एकदाही नाही लावला. मी घाबरलेलो. छाती फाडतात, हृदय बंद ठेवतात म्हणे तेवढा वेळ. मला नकोच होतं. योगिनीला काय सांगणार, बाप घाबरला? म्हणून त्याच्या नावावर घातलं."

मी स्टूलवर बसले. हा माझा भाऊ, ज्याने पंपाचा एक नट बदलला तर एकच सांगितला, याने देवाच्या तोंडी खोटं घातलं. आणि मला सुचलं कसं नाही? कौल एकट्याने लावतच नाहीत. 'व्हय' म्हणायला कोणीतरी लागतं. तीनदा लावला तर बिल्डिंगमधल्या कोणाला तरी माहीत असतं. मी एकालाही विचारलं नव्हतं. मी मोठी हुशार, मीटर तपासायला निघालेले.

"आणि मग तू तो प्रश्न घेऊन आलीस," तो म्हणाला. "मी म्हटलं तुला, दुसरं विचार. मला माहीत होतं डावी पडणार. त्याने बरोबर सांगितलं, सरू. तो म्हणाला, जो माझ्या नावाने खोटं बोलला, त्याच्यापुरता मी नाही."

"वेडा आहेस का तू? प्रश्न माझा होता. पाकळी पडली रे. नुसती पडली. योगायोग."

"प्रश्न तुझा, पण लावला मी. इतकी वर्षं लावतोय. कौल कोणासाठी आला ते कळतं मला."

माझ्याकडे त्याच्या देवाला हरवायचे सगळे मुद्दे होते. देव नाही हे मी त्याला पन्नास प्रकारे सांगितलं असतं. देव आहे, पण माझ्यापुरता नाही, असं म्हणणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं. मी त्याचा हात धरला. बर्फ झालेला.

"माका भिती वाटता," तो गावच्या बोलीत म्हणाला. आम्ही लहान होतो तेव्हाच बोलायचो तसं. "आधी कायपण असलं की त्याला सांगायचो. आता कोणाला सांगून आत जाऊ?"

"मला सांग."

"तुलाच सांगतोय ना."

मग वॉर्डबॉय आले. त्यांनी माझा हात सोडवला, कारण मी सोडत नव्हते.

दादा वाचला. हे आधी सांगितलं असतं तर तुम्ही पुढचं नीट वाचलं नसतं म्हणून आत्ता सांगतेय. छातीवर उभा व्रण आहे, संध्याकाळी कोलशेतच्या बाजूला खाडीपर्यंत चालत जातो, जेवणात मीठ कमी म्हणून योगिनीशी कटकट करतो. डॉक्टर खूश आहेत. योगिनी आता जिन्यात थांबत नाही.

लोकांना मी सांगून टाकलं की त्या दिवशी पाकळीला पाणी कमी लागलं होतं, दादाचे हात थरथरत होते, असा कौल धरत नाहीत. सगळ्यांनी आनंदाने मान्य केलं. शिवरामकाकांचा तर जीव भांड्यात पडला. आता परत लोक येतात, हात जोडून उभे राहतात, आणि दादा खाली जाऊन कौल लावतो. मी एकदा विचारलं, का लावतोस मग? म्हणाला, "त्यांच्यासाठी आहे ना तो." खाली नळाला पाणी आहे ना, असं सांगावं इतक्या सहज म्हणाला.

मी दर रविवारी जाते. देव न मानणारी मी, भावाला पटवायला बसते की अरे, असला तर सगळ्यांसाठी असेल, एकट्या तुला कसा वगळेल? तो ऐकून घेतो. चहा पितो. वाद घालत नाही, आणि तेच मला सहन होत नाही. इतकी वर्षं तो वाद घालायचा.

परवा राखणदाराची वर्षाची पूजा झाली. त्या दिवशी मोठं गाऱ्हाणं असतं. बिल्डिंगमधल्या वाडीच्या प्रत्येक माणसाचं नाव घेऊन सांगतात, याला सांभाळ, हिला सांभाळ. दादाचा आवाज परत खणखणीत झालाय. एकेक घर घेत होता. शिवरामकाका झाले, त्यांची सून झाली, नातवंडं झाली. योगिनी झाली. मग म्हणाला, "आणि डोंबिवलीक दिलेली ही माझी भैण सरोज, ती तुका मानीत नाय, पण तिका सांभाळ रे म्हाराजा." लोक हसले आणि 'व्हय' म्हणाले. मी पण हसले.

आणि त्याने पाण्याचा तांब्या उचलला. संपलं. स्वतःचं नाव घेतलंच नाही.

मला आधी वाटलं विसरला. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं, विसरला नाही. चारचौघांत मी म्हटलं, "आणि ह्यो गुणाजी."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. गाऱ्हाण्यात बाहेरच्याने बोलायचं नसतं, त्यातून बाईने तर नाहीच. कोणी 'व्हय' म्हणेना, कारण ते दादाच्या मागून म्हणायचं असतं आणि दादा गप्प होता. तांब्या हातात धरून माझ्याकडे पाठ करून उभा होता.

मी परत म्हटलं, या वेळी मोठ्याने. "आणि ह्यो गुणाजी, ह्याका पण सांभाळ."